चहाचे गाव आणि आमच्या वहीतले एक पान
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



महोत्सव समितीच्या चिटणिसांनी आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही त्यांना स्पष्टच म्हटले की, न्यासाचा इतिहास सांगणारी आमच्याहून वडीलधारी आणि अधिकारी माणसे येथे आहेत. त्यावर ते म्हणाले, "मग एखाद्या प्रवासाचे सांगा. मुलाबाळांनाही ऐकावयास बरे." तेव्हा प्रवासाचेच सांगतो. 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता. आमच्या सौभाग्यवती समोर दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत. आमचे काही चुकले तर त्या तेथूनच दुरुस्ती करतील, अशी सवय घरात आहेच.

चहाचे मळे पाहावयाचे म्हणजे दार्जिलिंगला जावे, मुन्नारला जावे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे जाऊन, भाड्याचा पोशाख अंगावर चढवून, पाठीला रिकामी टोपली लावून छायाचित्रेही काढून घेतली आहेत. आम्हीही पूर्वी काढली. ते छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात पुष्कळ वर्षे होते. आता ते तेथे नाही. का नाही, ते पुढे येईल.

गतवर्षी दसऱ्यानंतर आम्ही निघालो ते जशपूरला. येथे किती जणांनी हे नाव ऐकले असेल याची शंका आहे. वास्तविक ते आपल्याला परके नव्हे. पूर्वी हे एक लहानसे संस्थान होते. १९०५ साली छोटा नागपूरची जी पाच संस्थाने मध्यप्रांताला जोडण्यात आली त्यांत जशपूर एक होते. १९४८ साली ते विलीन होऊन रायगढ जिल्ह्यात गेले, १९९८ साली त्याचा वेगळा जिल्हा झाला आणि २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण झाले तेव्हा ते आपल्यापासून वेगळे झाले. म्हणजे आमच्या वयाच्या माणसांनी शाळेत जो मध्यप्रदेशचा नकाशा काढला, त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला जशपूर होते. आम्ही ते टोक नेहमी घाईत काढीत असू.

जशपूरला रेल्वे नाही. बालाघाटहून गोंदिया, गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी, आणि रायगढला उतरावयाचे. (हे रायगढ शिवछत्रपतींचे नव्हे, तिकीट काढताना आमच्या नातवाला तसे वाटले आणि तो फार आनंदला होता.) तेथून मोटारीने पत्थलगाव, कुनकुरी असा सारा दिवसाचा रस्ता. कुनकुरीला एक प्रचंड चर्च आहे, आशियातील मोठ्या चर्चांत त्याची गणना होते. पुढे लोरोचा घाट लागतो. घाट चढून वर आले की हवा बदलते, साल वृक्षांची दाटी सुरू होते आणि माती तांबडी होते. या वरच्या भागाला तेथे 'उपरघाट' म्हणतात आणि खालच्याला 'निचघाट'. हे ऐकून आम्हांस मौज वाटली. आपल्या जिल्ह्याचे नावही घाटावरच्या मुलुखाचेच; मात्र आपले शहर तेवढे घाटाखाली, वैनगंगेच्या काठी वसलेले आहे! खरा 'बालाघाट' बैहरकडे आहे, तो आपण येथून नुसता निळा दिसतो म्हणून पाहतो.

जशपूरनगर लहान आहे. उंची सव्वादोन-अडीच हजार फूट. उरांव लोकांची मोठी वस्ती, त्यांशिवाय पहाडी कोरवा आणि इतर. बाजारात लिची-नासपतीची रोपे विकावयास ठेवलेली. संध्याकाळी शाल लागते. उपाहारगृहात चहा मागितला तर आपल्यासारखाच उकळलेला, आले घातलेला, भरपूर दुधाचा येतो. चहाच्या गावात चहा काही वेगळा मिळेल अशी आमची भाबडी समजूत होती, ती पहिल्याच संध्याकाळी गेली.

चहाची लागवड येथे जुनी नाही. सोगडा म्हणून जवळच एक आश्रम आहे. तेथे प्रथम चहाची झाडे लावून पाहिली आणि ती जगली. चहाला आंबट गुणाची माती लागते, पाऊस पुष्कळ लागतो, पण मुळाशी पाणी साचून चालत नाही. म्हणून तर तो उतारावर लावतात. हे सारे उपरघाटावर जमून आले. आसामसारखा बारमाही ओलावा मात्र येथे नाही. हिवाळा-उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. आश्रमातला प्रयोग पाहून वनविभागाने गावापासून अवघ्या तीनेक किलोमीटरांवर सारूडीह येथे सुमारे वीस एकरांवर मळा उभा केला आणि त्याचे काम गावातल्या स्त्रियांच्या बचतगटांकडे दिले. पाला तयार करण्याचा लहानसा कारखाना बालाछापर येथे निघाला.

वीस एकर म्हणजे काय? आसामात एकेका मळ्याचा विस्तार शेकडो हेक्टर असतो. त्यापुढे हे एक परसू आहे. पण आम्ही पाहावयास आलो होतो ते हे परसूच.

सकाळी सात वाजता आम्ही तेथे पोहोचलो. धुके होते. कमरेएवढी छाटलेली झुडपे, वरून इतकी सपाट की जणू हिरवी सतरंजी अंथरली आहे. चहाचे झाड मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. त्याला वारंवार छाटून बुटके ठेवतात, कारण माणसाच्या हाताला शेंडा लागला पाहिजे. खुडावयाचा तो फक्त शेंडा : दोन कोवळी पाने आणि मधली मिटलेली कळी. आठदहा दिवसांनी पुन्हा फुटवा येतो, पुन्हा खुडावयाचा. एका शेर चहाला साडेचार शेर ओला पाला लागतो, म्हणजे किती शेंडे होतात त्याचा हिशेब आपल्या शाळेतल्या मुलांनी करून पाहावा. आमच्या सौभाग्यवतींनी खुडण्याचा प्रयत्न केला. मेथी निवडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ते साधेल असे आम्हांस वाटले होते. पाव तासात त्यांची बोटे काळी पडली आणि हातात आला तो निम्मा जून पाला. तेथल्या बाया हसल्या. निंदा म्हणून नव्हे, आपण हसतो तशाच.

पुढे कारखान्यात पाला पसरून कोमेजवतात, मग यंत्रात पिळून काढतात. हिरवा चहा करावयाचा नसेल तर हवेवर ठेवून तांबूस होऊ देतात, आणि शेवटी भट्टीत सुकवून चाळतात. आपण पितो तो बारीक दाण्यांचा चहा ज्या यंत्राने होतो, ते आसामातच अमगुरीच्या मळ्यावर १९३० च्या सुमारास निघाले. त्या पत्तीचा रंग पटकन उतरतो, म्हणून आपल्या दुधाच्या चहाला तीच चालते.

हे सर्व पाहण्यासारखे होते, परंतु एवढ्यासाठी आपला वेळ घेतला नसता.

आम्ही एका बाईला विचारले, "दीदी, ही जमीन कोणाची?" तिचे बोलणे सादरीचे आणि आमची हिंदी बालाघाटची, तरी समजले. ती म्हणाली, "हमारे गाँव की." मग तिने आपण होऊन सांगितले की, तिचे आजोबा चहाच्या कामाला 'भोटांग'ला गेले होते. भोटांग म्हणजे भूतानच्या पायथ्याचा दुआर्सचा प्रदेश. इकडचे लोक त्याला त्याच नावाने ओळखतात. दोन पावसाळे काढून ते परत आले. त्यांचा एक भाऊ पुढे आसामला गेला तो परत आला नाही. "आता चहाच इकडे आला," असे म्हणून ती पुढच्या ओळीकडे गेली. तिला काम होते, आम्हांस नव्हते.

तेथे बांधावर बसून आम्हांस आमच्या शेतावरची म्हातारी आठवली.

आमच्या शेतावर एक गोंड आजी आहे. ऐंशीच्या पुढची असेल. आमच्या लहानपणापासून ती घरात येते जाते. चहाचा कप पुढे केला की ती पूर्वी एक वाक्य नेहमी म्हणे, "हमारे बड़े आजा चाय बगान गये." बडे आजा म्हणजे तिच्या आजोबांचे थोरले भाऊ. आम्ही ते तिचे पालुपद समजून सोडून देत असू. बगान कोठले, केव्हा गेले, हे विचारण्याची बुद्धी आम्हांस साठ वर्षांत झाली नाही.

जशपूरहून आल्यावर प्रथम तिला विचारले. तिने त्यांचे नाव सांगितले आणि "बडा दुकाल में" एवढेच सांगितले. पुढचे तिलाही ठाऊक नव्हते. पत्र येणे शक्यच नव्हते. लिहिणार कोण आणि वाचणार कोण?

आता आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे. वारासिवनीच्या बाजूला एका गावात आमच्या पणजोबांची मालगुजारीची पाती होती. १९५१ साली मालगुजारी गेली, आणि चांगलेच झाले, असे आमचे वडीलही शेवटी शेवटी म्हणत. पण त्या वेळच्या वह्यांचे एक गाठोडे माळ्यावर राहिले. वह्या मोडीत. आम्हांस मोडी येत नाही. नागपूरच्या एका स्नेह्याकडून त्या वाचवून घेतल्या. सन १८९७ च्या पानावर सात कुळांच्या नावांपुढे एकच शब्द आहे : 'फरार'. त्यांतील तिसऱ्या नावापुढे आणखी एक ओळ आहे, 'बैल १ बाकीत घेतला'. ते तिसरे नाव म्हातारीने सांगितलेलेच होते.

मंडळी, १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून १८९९-१९०० चा, हे आपल्या प्रांतावरचे फार मोठे संकट होते. आपला जिल्हाही त्यांत होरपळला. त्या वर्षांत मध्यप्रांतातून आसामच्या मळ्यांकडे माणसांचा लोंढा गेला. गोंड गेले, उरांव गेले, इतरही गेले. गावोगाव हिंडून माणसे गोळा करणाऱ्यांना 'आरकाटी' म्हणत. तो चार पैसे हातावर ठेवी, पोटभर जेवू घाली, आणि दूरदेशी काम हलके, भात भरपूर असे सांगे. अंगठा घेतला की झाले 'गिरमिट'. १८९१ साली नागपूरहून कलकत्त्याच्या बाजूला बंगाल-नागपूर रेल्वेचा सलग मार्ग झाला होता. ज्या मार्गाने आम्ही आरामात झोपून रायगढला गेलो, तोच हा. पुढे गोआलंदोहून आगबोटीने ब्रह्मपुत्रेवर. बोटीत पटकी झाली की माणसे मरत. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात सुमारे पंच्याऐंशी हजार मजूर उतरविले गेले, आणि १८६६ च्या मध्यापर्यंत त्यांतील तीस हजारांहून अधिक मेले किंवा पळाले असे सरकारी कागदच सांगतात. ज्यांना पळता आले नाही त्यांच्यासाठी कायदा होता. १८६५ च्या कायद्याने पुरुषास महिना पाच रुपये, स्त्रीस चार, मुलास तीन अशी मजुरी ठरविली, आणि त्याच कायद्याने पळालेल्या मजुरास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला. तो अधिकार १९०८ साली काढून घेतला गेला. सर हेन्री कॉटन नावाचे आसामचे एक चीफ कमिशनर मजुरी थोडी वाढवावी म्हणून झगडले. मळेवाल्यांनी त्यांच्याविरुद्ध रान उठविले, आणि कर्झनसाहेबानेही त्यांची पाठ राखली नाही. तेच कॉटन पुढे १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

आरकाट्याला नावे ठेवणे सोपे आहे. आम्हीही आजवर ठेवीत आलो. परंतु उपाशी माणूस आरकाट्याच्या दारी जाण्यापूर्वी आमच्या दारी येऊन गेला असला पाहिजे, आणि आमच्या दारातून बैल ठेवून गेला, हे त्या वहीत लिहिलेले आहे. 'फरार' हा शब्द ज्याने लिहिला त्याला तो खोटा वाटला नसेल. बाकी न देता गेला, म्हणजे फरार. पण तो कोठे गेला, हे गावात कोणासच ठाऊक नव्हते, असे आम्हांस वाटत नाही.

याच सुमारास तिकडे पुण्यात काय चालले होते ते आपणांस ठाऊकच आहे. १८९० साली गोपाळराव जोशांनी पंचहौद मिशनमध्ये मोठमोठ्या मंडळींना बोलाविले, तेथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि कोण प्याले, कोण प्याले नाहीत यावरून जे ग्रामण्य माजले ते वर्ष दोन वर्षे शमले नाही. रानडे, टिळक यांच्यासारखी माणसे त्यात ओढली गेली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आम्ही ही गोष्ट शाळेत अनेकदा रंगवून सांगितली आहे. कप कोणी दिला यावर एवढी चर्चा झाली. त्यातली पत्ती कोणी खुडली, हा प्रश्न आमच्या वाचनात कोणी विचारलेला नाही. आम्ही तरी तो कोठे विचारला? नंतर १९३० च्या पुढे चहाच्या प्रचारासाठी स्टेशनांवर पाट्या लागल्या, चहा कसा करावा ते चित्रांनी दाखविले गेले, आणि आमच्या आज्या ज्याला व्यसन म्हणत ते सकाळचे कर्म होऊन बसले.

आता तो दिवाणखान्यातला फोटो. आम्ही दोघे हसत उभे, पाठीवर रिकाम्या टोपल्या. वही वाचून झाली त्या दिवशी सौभाग्यवतींनी तो न बोलता काढला. आम्हीही विचारले नाही.

आसामात त्या लोकांची आज पाचवी-सहावी पिढी आहे. तेथे गोंड आहेत, उरांव आहेत. आपसांत ते सादरीच्या वळणाची मळ्याची बोली बोलतात. जो गोंड आपल्या बैहरात अनुसूचित जमातीत मोडतो, त्याचाच चुलतभाऊ आसामात इतर मागासवर्गीयांत गणला गेला. हा दर्जा मिळावा ही त्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. मळेमजुरांसाठी १९५१ साली कायदा झाला, घर, दवाखाना, शाळा यांची तरतूद झाली. पण मजुरी कशी रडतखडत वाढते ते पाहावे. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती दिवसाला अडीचशे रुपये झाली.

काही तरुण मंडळींनी आम्हांस विचारले की, मग बैहरच्या पठारावर चहा का लावू नये? उंची आहे, पाऊस आहे. आमचे मत विचाराल तर घाई करू नये. आपल्याकडे कोरडे महिने फार, आणि चहाचे झाड लावल्यापासून काही वर्षे थांबावे लागते. गरीब शेतकऱ्याला थांबणे परवडत नाही. सारूडीहचा मळा उभा राहिला तो सरकारी पाठबळावर. ते ढिले पडले तर वीस एकरांचा चहा बाजारात मोठ्या व्यापाऱ्यांपुढे किती टिकेल, हे आम्हांस सांगता येत नाही. आपल्याकडे चिन्नोर भात आहे. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तोच नीट पिकविला आणि पिकविणाऱ्याच्या हाती त्याचा दाम पडला तर पुष्कळ झाले. जशपूरहून आणावयाची गोष्ट चहाचे रोप ही नव्हेच. त्या बाईने विचारल्याबरोबर, मान वर न करता, जमीन आमच्या गावाची म्हणून सांगितले, ते आम्ही घेऊन आलो आहोत.

एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी पुष्कळ घरांत जुन्या मालगुजारीच्या, सावकारीच्या वह्या माळ्यावर पडल्या असतील. वाळवी लागण्यापूर्वी त्या खाली काढाव्या. १८९६ पासून १९०० पर्यंतची पाने पाहावी, आणि ज्या नावांपुढे 'फरार' किंवा 'बेपत्ता' असे लिहिले असेल ती नावे, गावासह, एका कागदावर उतरवून न्यासाच्या कार्यालयात आणून द्यावी. मोडी वाचावयास आमचे नागपूरचे स्नेही तयार आहेत. ते मोबदला घेणार नाहीत, जाण्यायेण्याचे भाडे तेवढे द्यावे. पुढेमागे आसामातून कोणी आपले मूळ गाव शोधीत आला, आणि असे लोक येतात, तर त्याला दाखवावयास आपल्याजवळ एक यादी असावी. आमची सात नावे आम्ही आज चिटणिसांच्या हाती दिली आहेत. बैलाची ओळही तीत तशीच ठेवली आहे. ती गाळावी असे घरातल्या एकदोघांनी सुचविले होते.

म्हातारीला आम्ही नाव सापडल्याचे सांगितले. तिने वही पाहावयास मागितली. वाचता येत नाही, तरी त्या ओळीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बैल कौन सा था, लाल कि सफेद?" ते वहीत लिहिलेले नाही.

सभा संपल्यावर मंडपाच्या उजव्या बाजूस चहाची व्यवस्था आहे. तो सारूडीहचा आहे, आम्ही येताना चार पुडे आणले होते. दूध बेताचे घालावयास स्वयंसेवकांना सांगितले आहे. ज्यांना नेहमीसारखा हवा असेल त्यांनी तसे सांगावे.